चरित्रात्मक भयपट आणि प्रेक्षकाची सत्याची मागणी

प्रत्यक्षात होऊन गेलेल्या एखाद्या खुन्याच्या आयुष्यावर भयपट निघाला म्हणजे त्याविषयीचे प्रेक्षकमत बहुधा तीन वाटांनी जाते. काहींना तो किळसवाणा वाटतो आणि असे काही दाखवूच नये, असे ते म्हणतात. काही त्याच्या निर्भीड खरेपणाची वाखाणणी करतात. उरलेले मूळ घटनांशी तो ताडून पाहतात आणि तपशील जुळत नाहीत म्हणून नापसंती व्यक्त करतात. ही मते परस्परविरोधी भासली तरी त्यांतील दुसऱ्या व तिसऱ्या मताच्या मुळाशी एकच गृहीत आहे : पडद्यामागे एक निश्चित व ज्ञात सत्य असून चित्रपट ही त्याची प्रतिकृती होय. हे गृहीत कितपत टिकते, हे जॉन मॅकनॉटन यांच्या ‘हेन्री : पोर्ट्रेट ऑफ अ सीरियल किलर’ या अमेरिकन चित्रपटाच्या आधारे पाहावयाचे आहे.

हा चित्रपट १९८५ साली शिकागो येथे सुमारे १ लाख १० हजार डॉलर एवढ्या अल्प खर्चात चित्रित झाला. तो १९८६ साली प्रथम दाखविण्यात आला. परंतु अमेरिकेतील वर्गीकरण मंडळाने त्यास ‘एक्स’ हा कठोर दर्जा दिल्यामुळे सार्वत्रिक प्रदर्शनासाठी १९९० साल उजाडले. टेल्युराइड येथील महोत्सवात प्रेक्षकांत कसा तीव्र मतभेद झाला, याची नोंद समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी केली आहे. काही प्रेक्षक उठून गेले, काहींना तो असह्य वाटला, तर काहींनी त्याच्या तडजोड न करणाऱ्या प्रामाणिकपणासाठी त्याचे समर्थन केले. ईबर्ट स्वतः या शेवटच्या पक्षाचे होते.

आता हा प्रामाणिकपणा कशाशी, असा प्रश्न उपस्थित होतो. चित्रपटातील हेन्रीला आधार आहे तो हेन्री ली ल्यूकस या गुन्हेगाराचा. ल्यूकसने १९६० साली मिशिगनमध्ये आपल्या आईचा खून केला व त्याबद्दल शिक्षा भोगली. १९८३ साली टेक्सासमध्ये अटक झाल्यावर त्याने शेकडो खुनांची कबुली दिली आणि अनेक राज्यांच्या पोलिसांनी त्या कबुलीवर विसंबून आपापली प्रकरणे मिटविली. १९८५ साली ‘डॅलस टाइम्स हेरल्ड’ या पत्राने व १९८६ साली टेक्सासच्या महाधिवक्त्यांच्या अहवालाने यांतील असंख्य कबुल्या अशक्य असल्याचे दाखवून दिले. ज्या एका खुनासाठी त्याला देहान्ताची शिक्षा झाली होती, त्या खुनाच्या सुमारास तो दूर फ्लोरिडात कामावर असल्याच्या नोंदी होत्या. ती शिक्षा १९९८ साली जन्मठेपेत बदलण्यात आली व २००१ साली तो तुरुंगात मरण पावला. त्याने खून केलेच नाहीत असे नव्हे. परंतु ज्या अवाढव्य संख्येमुळे त्याचे नाव गाजले ती संख्या मुख्यतः त्याच्या जिभेवर उभी होती.

हे ध्यानात घेतले म्हणजे तपशिलाच्या तक्रारीचे महत्त्व कमी होते. कथा टेक्सास-फ्लोरिडातून शिकागोत आणली आहे, ल्यूकसच्या साथीदाराची अल्पवयीन भाची येथे त्याची प्रौढ बहीण झाली आहे, हे आक्षेप खरे आहेत. पण ज्या मूळ संहितेशी निष्ठा ठेवावयाची ती संहिताच अविश्वसनीय असेल, तर निष्ठेचा अर्थ काय? हा चित्रपट सत्यकथेचे यथातथ्य चित्रण नव्हे आणि ज्या कबुल्यांवर तो अंशतः आधारला आहे त्यांतील अनेक पुढे मागे घेण्यात आल्या, असे निवेदन आरंभीच पडद्यावर येते. त्याहून मार्मिक आहे तो हेन्री व बेकी यांचा संवाद. हेन्रीने आईला बेसबॉलच्या दांडक्याने मारले, असे बेकीने भावाकडून ऐकलेले असते. हेन्री स्वतः तिला सांगतो की सुऱ्याने भोसकले; आणि थोड्याच वेळात म्हणतो की गोळी घातली. बेकीने विसंगती दाखविताच तो निर्विकारपणे आपले विधान सुधारून घेतो. बेकी मात्र त्याला अंतर देत नाही. तिला हवा असतो तो विश्वास ठेवण्याजोगा माणूस. खरेपणासाठी चित्रपटाची स्तुती करणाऱ्या प्रेक्षकाने बेकीची ही जागा आपलीच तर नाही ना, हे पाहावे.

दुसरा प्रसंग प्रेक्षकाच्या भूमिकेवरच प्रकाश टाकतो. एका कुटुंबाच्या हत्येचे व्हिडिओचित्रण आपण पडद्यावर पाहत असतो. मग कळते की हेन्री व त्याचा साथीदार ओटिस हे दोघे कोचावर बसून तेच चित्रण पाहत आहेत, आणि ओटिसला ते पुन्हा पाहावयाचे आहे. म्हणजे इतका वेळ आपण खुन्यांच्या शेजारी बसलो होतो. ब्रिटिश परीक्षण मंडळाने १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत या दोघांचे दृश्य आधीच घालून क्रम बदलला. मूळ रूप तेथे २००३ साली संमत झाले. केवळ हिंसा कमी करणे हा हेतू असता तर कात्री पुरेशी होती. क्रम बदलल्याने प्रेक्षकाला आरंभापासून सुरक्षित अंतर मिळाले, आणि त्या दृश्याचा अर्थ नेमका त्या अंतराच्या अभावात होता.

आपल्या रसचर्चेच्या परिभाषेत बोलावयाचे तर साधारणीकरणासाठी व्यक्तिविशेषाचे भान गळून पडावे लागते. ‘हे खरोखरच घडले’ ही पाटी ते भान सतत जागे ठेवते. म्हणून भयानक व बीभत्स यांची परिणती रसात न होता कुतूहलात होते. कुतूहल पुरावा मागते, रसिकता मागत नाही. मुंबईच्या रमण राघवचे नाव धारण करणाऱ्या अनुराग कश्यप यांच्या २०१६ च्या चित्रपटातही तो त्याच्याविषयी नसल्याचे आरंभी सांगितले आहे. तरी नाव त्याचेच आहे. हे दुटप्पी धोरण ‘हेन्री’सही लागू पडते. किंबहुना मॅकनॉटन यांचा संशय पुरेसा खोल गेलेला नाही. खुनाची पद्धत दर वेळी बदलावी व सतत स्थलांतर करावे, म्हणजे पोलिसांना माग लागत नाही, असे हेन्री ओटिसला शिकवितो. तेव्हा ल्यूकसने रंगविलेली स्वतःची चतुर प्रतिमा चित्रपट जशीच्या तशी स्वीकारतो. हा त्याचा दोष होय.

‘असे दाखवूच नये’ हे पहिले मत मात्र केवळ अभिरुचीच्या नावाखाली दूर सारता येणार नाही. मृतांचा हक्क कलेच्या बाहेरचा असला तरी तो हक्कच आहे. ल्यूकसच्या कबुल्यांमुळे ज्यांचा तपास थांबला त्यांचे खरे मारेकरी मोकळे राहिले. त्या मृतांवर दुसरा अन्याय झाला तो क्रौर्यामुळे नव्हे, तर एका चटकदार कथेवर सहज विश्वास टाकला गेल्यामुळे. प्रेक्षक ज्या वेळी ‘किती खरे आहे हे!’ असे म्हणतो, त्या वेळी तोही तोच विश्वास टाकीत असतो. अशा चित्रपटाविषयीचे मत अभ्यासताना प्रेक्षकाला तो आवडला की नाही एवढेच न विचारता, त्याने कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला, हे अभ्यासकाने आधी विचारावयास हवे.