परदेशातले बिऱ्हाड आणि आपली चरित्रे

आपल्या मराठी चरित्रग्रंथांत एक वाक्य ठरलेले असते. ‘पुढे उच्च शिक्षणासाठी ते परदेशी गेले व तेथील विद्यापीठाची पदवी सन्मानाने संपादन करून स्वदेशी परतले.’ नावे बदलतात, विद्यापीठे बदलतात, वाक्य बदलत नाही. या एका वाक्यात तीन-चार वर्षे जातात. म्हणजे हजारावर सकाळी, तितक्याच रात्री, शेकडो टपाले, न संपणारे हिवाळे आणि महिनाअखेरीचे हिशेब. चरित्रनायक बंदरावर बोटीत चढताना आपण त्याला पाहतो आणि पुन्हा पाहतो तो बोटीतून उतरतानाच. मधल्या काळात तो कोठे राहिला, काय जेवला, कोणाच्या पंक्तीला बसला, आजारी पडला तेव्हा कोणी पाणी दिले, हे विचारण्याची चरित्रकाराला गरज वाटत नाही. जणू विद्या हवेतून मिळते आणि विद्यार्थ्याला शरीर नसते.

याला ठळक अपवाद असलेले पुस्तक आपल्याकडे फार पूर्वी झाले, आणि ते एका स्त्रीने लिहिले, हा मला योगायोग वाटत नाही. काशीबाई कानिटकरांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र १८८९ साली प्रसिद्ध केले. त्याच्या आदल्याच वर्षी कॅरोलाइन डॉल या अमेरिकन विदुषींनी बोस्टनला आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र छापले होते. ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की एकाच जीवनाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. डॉलबाईंच्या पुस्तकाच्या नावातच आनंदीबाईंची ओळख पंडिता रमाबाईंची नातलग म्हणून करून दिलेली आहे. दूर देशीची एक सुशील हिंदू स्त्री आपल्या देशात आली, तिने आमची विद्या घेतली आणि ती मिटून गेली, याचे कौतुकमिश्रित दुःख त्या पुस्तकात आहे. प्रेम खरे आहे, परंतु ते पाहुणीवरचे प्रेम आहे. काशीबाई मात्र आनंदीबाईंची पत्रे वाचतात ती घरातल्या माणसाच्या नजरेने. लग्नानंतर घरच्यांच्या नापसंतीला न जुमानता अक्षरे गिरवलेल्या त्या बाई. शिकणाऱ्या बाईचा दिवस कशाकशाने कापला जातो हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

म्हणूनच फिलाडेल्फियातली ती खोली त्यांच्या पुस्तकामुळे आपल्यापर्यंत पोचली. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. रोझेल गावी थिओडोशिया कार्पेंटरबाईंच्या घरी त्यांचे पहिले महिने सुखाचे गेले, आणि मग पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातला अभ्यास सुरू झाला. राहण्याची खोली थंड. तिच्यातली अंगीठी नीट ओढत नसे; पेटवली तर खोली धुराने भरावी, न पेटवली तर हाडे गारठावीत. धूर की थंडी, यांतून एकाची निवड करायची आणि शरीरशास्त्राचे पुस्तक उघडून बसायचे. पुढे क्षयाने गेलेल्या मुलीच्या छातीत त्या दिवसांत काय चालले होते याचा तर्क वैद्याने करावा. परंतु वाचकाला तो तर्क करण्याची संधी तरी काशीबाईंनी दिली. ‘तिकडील हवा मानवली नाही’ या नेहमीच्या शब्दांत त्यांनी हे गुंडाळले असते, तर त्या मृत्यूला दैवावाचून दुसरे कारण उरले नसते.

वस्त्राचेही तेच. श्रीरामपूरच्या कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परतेन, अशी जाहीर ग्वाही दिली होती. ग्वाही सभेत दिली जाते, पण ती पाळायची असते रोज सकाळी अंगावर कपडा घेताना आणि दुपारी ताटावर बसताना. नऊवारीने घोटे उघडे राहतात, आणि ते त्या देशात थंडीलाही चालत नाही आणि सभ्यतेलाही. आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने पातळ नेसण्याची युक्ती काढली. आता ही काही तत्त्वज्ञानातली घटना नव्हे. पण ती हजारो मैलांवरच्या पतीला पत्राने समजावून सांगावी लागते, आणि त्याची नापसंती महिना-दीड महिन्याने येऊन थडकते, तेव्हा पातळाचे टोक म्हणजे केवढा वादविषय होतो! शाकाहार सांभाळायचा, तो मांसाहारी यजमानांना न दुखावता; थंडीत अंगात ऊब राहील इतके खायचे, ते या शाकाहारातच. या सगळ्यातून जो वेळ उरेल तो शवविच्छेदनाला आणि प्रसूतिशास्त्राला.

टपालाच्या या दिरंगाईचा मराठी समीक्षेने कधी विचार केलेला माझ्या पाहण्यात नाही. गोपाळरावांची पत्रे कधी संशयी, कधी टोचून बोलणारी, कधी एकदम मऊ. त्यांतला राग ज्या दिवशी लिहिला गेला त्या दिवशीचा असतो. तो वाचला जातो तेव्हा आनंदीबाईंचा तो प्रसंगच मागे पडलेला असतो. मधल्या काळात एखादी परीक्षा होऊन गेलेली, एखादे दुखणे येऊन गेलेले. तरी उत्तर द्यायचे ते त्या शिळ्या रागाला. आणि उत्तर देणारी बाई वीस वर्षांचीही नाही. एका पत्रात त्यांनी आपल्या बालपणीच्या संसारातल्या मारझोडीची आठवण पतीलाच करून दिली आहे. तेव्हाचे ते वागणे योग्य होते की अयोग्य, हे अजून ठरवता येत नाही, असा त्या मजकुराचा भाव आहे. समोरासमोर हे कधी बोलले गेले नसते. समुद्र मध्ये आला म्हणून ते लिहिले गेले. परदेशातल्या शिक्षणाने त्यांना पदवी दिली हे सर्वांना ठाऊक आहे. हे एक अंतर दिले, ते पदवीपेक्षा कमी मोलाचे नव्हते.

काशीबाईंच्या पुस्तकात दोष नाहीत असे नाही. त्यांना नायिका आदर्श हवी आहे, आणि मधूनमधून त्या पत्रांच्या आड येऊन वाचकाला उपदेश करू लागतात. पण पत्रे इतकी जिवंत आहेत की उपदेश आपोआप बाजूला सरतो. मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंच्या जीवनावर व पत्रव्यवहारावर इंग्रजीत केलेला अभ्यास त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने आला. त्यात या दोन्ही चरित्रांची कठोर तपासणी आहे, आणि आनंदीबाईंकडे नुसती त्यागमूर्ती म्हणून पाहता येणार नाही हे त्यांनी दाखवून दिले. ते काम मराठीत व्हायला हवे होते, हे आपल्याला बोचले पाहिजे.

आपण केले ते दुसरेच. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली आणि घरोघरी वाचली गेली. ती वाचनीय आहे यात वाद नाही. परंतु नावातच जोडी आहे. कादंबरीची सारी ओढ त्या विक्षिप्त, हट्टी, बायकोला शिकवण्यासाठी जिवाचे रान करणाऱ्या आणि त्याच पायी तिला छळणाऱ्या पोस्टातल्या कारकुनाकडे आहे. माणूस म्हणून गोपाळराव विलक्षण आहेत. कोणाही कादंबरीकाराला मोह पडावा असेच. पण त्यामुळे आनंदीबाईंचे शिक्षण ही गोपाळरावांची कामगिरी ठरते आणि धुराच्या खोलीत वाचत बसलेली मुलगी त्या कामगिरीचा पुरावा. २०१९ साली आलेल्या समीर विद्वांस यांच्या चित्रपटाचाही भर मुख्यतः जाण्यापूर्वीच्या झगड्यावरच आहे. नाट्य तिकडे आहे, हे मान्य. थंड खोलीत बसून हाडांची नावे पाठ करण्यात नाट्य नाही. पण डॉक्टर झाल्या त्या तिथे.

याच दृष्टीने डॉ. आंबेडकरांच्या चरित्रांकडे पाहिले म्हणजे प्रश्न अधिक अवघड होतो. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे सरकारच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. त्यांच्या अभ्यासाच्या अफाट तासांची वर्णने आपण वाचलेली आहेत. लंडनमधल्या घरमालकिणीची कंजूष न्याहारी, दुपारचे जेवण चुकवून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात काढलेले दिवस, रात्री भूक लागली की भाजून खाल्लेले पापड, या गोष्टी धनंजय कीरांनी आवर्जून नोंदल्या. त्या वाचताना गहिवर येतो. पण माझ्या मते चरित्रकारांचे लक्ष उपासाकडे जितके गेले तितके पंक्तीकडे गेले नाही. उपाशी राहून शिकणारा गरीब विद्यार्थी हा आपल्या ओळखीचा आहे; वाराने जेवणाऱ्या, माधुकरी मागणाऱ्या मुलांच्या कथा आपल्याकडे कितीतरी आहेत. आंबेडकरांच्या परदेशवासातले अपूर्व ते हे नव्हे. अपूर्व हे की त्या वसतिगृहात त्यांच्या ताटाला, पेल्याला, बिछान्याला कोणी अंतर ठेवले नाही. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर ते राहिले. साताऱ्याच्या शाळेत तहान लागली तर शिपाई हवा, आणि इथे नळ उघडला की पाणी.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या छोट्या आत्मपर लेखनात त्यांनी स्वतः हे सांगितले आहे, पण ओझरते: परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच पुसून टाकली होती, अशा आशयाचे. त्यानंतर लगेच १९१७ मधल्या बडोद्याची हकीकत येते. राहायला जागा नाही, पारशी धर्मशाळेत खोट्या नावाने मुक्काम, आणि हातात काठ्या घेऊन आलेली माणसे. हा आघात इतका भयंकर का वाटतो? ज्याला ते पुसले जाणे म्हणजे काय हे ठाऊक आहे त्यालाच तो पुरता कळेल. चरित्रकाराने न्यूयॉर्कचे साधे दिवस, म्हणजे सकाळचे स्नान, भोजनगृहातली खुर्ची, मित्राच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत चाललेली बडबड, इतक्या प्रेमाने उभे केले असते, तर बडोद्याचे प्रकरण समजावून सांगण्यासाठी एकही विशेषण लागले नसते. आनंदीबाईंना परदेशात ताट सांभाळावे लागले, आंबेडकरांना ते पहिल्यांदा सांभाळावे लागले नाही. ताट तेच. विलायतेतल्या बिऱ्हाडाचे वर्णन म्हणजे किरकोळ तपशील, असे म्हणणाऱ्यांनी या दोन ताटांकडे पाहावे.

आत्मचरित्रांत धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ (१९२४) या बाबतीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. गोव्यातून निघालेला हा माणूस पुणे, काशी, नेपाळ करीत सिंहलद्वीपात पालीच्या अभ्यासासाठी जातो आणि अन्न, अंथरूण, भाडे यांविषयी एखाद्या वाण्याच्या वहीसारखे रोकडे लिहितो. तक्रारीचा सूर नाही, शौर्याचाही नाही. पुढे ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी ते हार्वर्डला गेले. तेथे प्रा. लॅनमन यांच्याशी श्रेयाबद्दल झालेला बेबनावही त्यांनी लपवला नाही. मुखपृष्ठावर कोणाचे नाव कोठे यावे, हाही परदेशी विद्यार्थ्याच्या रोजच्या जेवणाइतकाच रोजचा प्रश्न असतो, आणि अजूनही असतो. तो ग्रंथ हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाला १९५० साली, धर्मानंदांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ची (१९६०) आठवण येथे कोणी करून देईल. तिचा आनंद मीही घेतलेला आहे. पण ते चाळिशीला आलेल्या, घरी परतल्यावर काय करायचे हे ठाऊक असलेल्या कलावंताचे लंडन आहे. विद्यार्थ्याच्या लंडनमध्ये नापास होण्याची भीती असते. ती भीती गेली की धुके सुंदर दिसू लागते.

आज घराघरातून मुलेमुली अमेरिकेला, जर्मनीला शिकायला जातात, आणि टपालाची वाट कोणाला पाहावी लागत नाही. रोज चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. त्यामुळे एक अडचण नव्याने उभी राहिली आहे. रोज बोलणारे मूल पत्र लिहीत नाही. खोली थंड असली तर ते सांगतही नाही, आई काळजी करील म्हणून. पडद्यावर दिसते तेवढी भिंत नीटनेटकी ठेवते. आनंदीबाईंच्या खोलीतला धूर आपल्याला एकशेचाळीस वर्षांनंतर दिसतो, कारण तो कागदावर उतरला आणि तो कागद एका बाईने जपून छापला. या मुलांपैकी कोणाचे चरित्र उद्या लिहायचे झाले, तर चरित्रकाराच्या हाती विद्यापीठाचे प्रमाणपत्र असेल आणि ते ठरलेले वाक्य असेल.