दुसरी वेलांटी

मित्रहो, आजचा विषय पाहून काहींना वाटलं असेल, निवृत्त प्राध्यापकांना आता वेलांट्या मोजण्यावाचून काम उरलेलं नाही. आरोप मान्य. पण या एका वेलांटीत आम्ही स्वतः अडकलो, म्हणून बोलायचं आहे.

आमच्या जुन्या महाविद्यालयातल्या लोकांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. प्राध्यापक, कार्यालयातली मंडळी, प्रयोगशाळेतले मदतनीस, सगळे त्यात आहेत. २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, एका प्राध्यापक मित्राने सकाळीच लिहिलं, "आज मराठी भाषा गौरव दीन. सर्वांना शुभेच्छा."

झालं! एकाने विचारलं, "कोण हा गौरव? आणि दीन कशाने झाला?" दुसरा म्हणाला, "वर्गणी काढू या." तिसऱ्याने आठवण दिली की ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आता दैन्य कसलं? चूक करणारा मित्रही कच्चा नव्हता. त्याने उत्तर दिलं, "आजच्या दिवशी कंजुषी कशाला? मी दुसरी वेलांटी दिली." इथवर सगळं बहारीचं होतं. मराठी माणसाला कोटीचा शौक कोल्हटकर-गडकऱ्यांच्या काळापासून आहे, आणि हा संवाद त्याच वळणाचा होता. शब्द उचलायचा, उलटा करून पाहायचा, पुढच्याच्या हातात द्यायचा.

मग आम्ही लिहिलं, "यांना पुन्हा पहिलीत बसवा, म्हणजे पहिली वेलांटी येईल." सर्वांत जास्त हशा आमच्या वाक्याला मिळाला. त्या दिवशी आम्हाला त्याचा अभिमानही वाटला.

आता समीक्षकाच्या नजरेने पाहू या. आधीच्या कोट्या शब्दावर होत्या. आमची कोटी माणसाच्या शिक्षणावर होती. ज्याला उद्देशून केली त्याला ती लागली नाही, कारण त्याच्याकडे पदव्या होत्या. पण त्याच गटात प्रयोगशाळेतले एक निवृत्त मदतनीस होते. त्यांचं शिक्षण सातवीवर थांबलेलं. गावाकडून ते पावसाचं, पेरणीचं, नातवंडांचं भरभरून लिहीत. चुका असत, पण कधी कुणी बोललं नव्हतं. त्या दिवसानंतर त्यांच्याकडून फक्त जोडलेले हात येऊ लागले. दोन महिन्यांनी आमच्या लक्षात आलं. फोन केला, तर म्हणाले, "सर, चुकीचं लिहून तुम्हाला कशाला त्रास? फोटो पाठवतो ना."

फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ याचा हास्यावरचा ग्रंथ १९०० साली आला. हसू हे नेहमी एखाद्या समूहाचं असतं, त्या क्षणी आपण सहानुभूती बाजूला ठेवतो, आणि ज्याला हसतो त्याला ताळ्यावर आणण्याचं काम समाज त्या हसण्याकडून करून घेतो, असं त्याचं म्हणणं. आम्ही हे वर्षानुवर्षं शिकवलं. पण हसू ज्याच्यावर रोखलेलं आहे त्याला चुकवून शेजारी बसलेल्याला लागू शकतं, हे आम्हाला या गटाने शिकवलं.

आता त्या वेलांटीकडे येऊ. 'दीन' लिहिणारा अडाणी असतो का? आपण लिहितो तीन, वीस, गरीब, वकील, फूल, तूप. मराठी शब्दाच्या शेवटी अकार असेल तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ. हा नियमच आहे, आणि कानालाही तो पटतो. मात्र संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मुळाप्रमाणे लिहायचे. म्हणून दिन, गुण, विष यांत ऱ्हस्व. बोलताना मात्र आपण बहुतेक जण तेही लांबवतोच. तेव्हा 'दीन' लिहिणाऱ्याने मराठी कानाचं ऐकलेलं असतं. त्याला ठाऊक नसतं ते एवढंच, की हा शब्द संस्कृतातून तसाच आलेला आहे. ते कळायला तशी शाळा आणि तसं घर मिळावं लागतं.

आणि नियम तरी किती जुने? साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये आले, चारांची भर १९७२ मध्ये पडली. त्याआधीच्या पुस्तकांत 'तें घर' असा अनुस्वार होता, 'कवि' ऱ्हस्व होता. आज तेच कुणी लिहिलं तर आपण लाल शाई काढू. शिवाय 'शुद्धलेखन' हा शब्दच पाहा. त्यात सोवळ्याओवळ्याचा वास आहे. शब्द अशुद्ध म्हणता म्हणता माणूस कधी अशुद्ध ठरतो, कळत नाही. अलीकडे काही जण 'प्रमाणलेखन' म्हणतात, ते आम्हाला बरं वाटतं.

नियम नकोत, असं आम्ही म्हणत नाही. छापील मजकुरात एकसारखेपणा हवाच. थट्टाही थांबवू नये, नाहीतर असे गट म्हणजे नुसता सुप्रभातांचा ढीग होईल. पण ज्याला वेलांटीवरून हसायचं आहे, त्याने ती वेलांटी तशी का, हेही सांगावं. नियम सांगता येत नसेल, तर त्याला स्वतःलाही तो फक्त सवयीने येतो, हे मान्य करावं. आणि आपल्या गटात कोण कोण ऐकतंय, ते बोलण्याआधी आठवावं.

आम्ही हा नियम गटावर लिहिला, आणि त्या वाक्याबद्दल माफीही मागितली. सात-आठ जणांनी अंगठे दिले. चार दिवसांनी त्या मदतनिसांचा एक ओळीचा निरोप आला, पाऊस झाला म्हणून. आम्ही विचारलं, "पेरणी केव्हा?" त्यांनी उत्तर दिलं. पूर्वीइतकं मात्र ते अजून लिहीत नाहीत.

इथे थांबतो. आपले प्रश्न घेऊ या.