पंधरा मिनिटांची प्रतिज्ञा आणि तिचे व्याकरण

संगणकाच्या आज्ञावल्यांविषयी भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लिहावे, हे काही वाचकांस अनधिकार चेष्टेसारखे वाटण्याचा संभव आहे. परंतु आज्ञावली ही अखेर लेखनाचीच एक जाती होय. तिला व्याकरण आहे, संकेत आहेत, आणि जे न बोलता गृहीत धरावयाचे असते त्याचे नियमही आहेत. वेबवरील अनुप्रयोग अल्पावधीत उभे करून देणाऱ्या साधनांचा गेल्या दोन दशकांत मोठा गाजावाजा झाला. तितक्याच सातत्याने अनुभवी आज्ञावलीकारांच्या एका वर्गाने त्यांकडे संशयाने पाहिले. हा संशय बहुधा जुन्या माणसांची कुरकुर म्हणून निकालात काढण्यात येतो. त्याचा मूळ आशय भाषाविषयक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि ते येथे एकाच साधनाच्या आधारे तपासावयाचे आहे. ते साधन म्हणजे 'रुबी ऑन रेल्स', अथवा संक्षेपाने 'रेल्स'.

रेल्सचा जन्म 2004 सालचा. डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन ह्या डॅनिश आज्ञावलीकाराने 'बेसकँप' नावाच्या अनुप्रयोगासाठी लिहिलेला सांगाडा त्यातून वेगळा काढला व सर्वांस खुला केला. युकिहिरो मात्सुमोतो ह्यांची रुबी ही भाषा 1995 पासून उपलब्ध होती. परंतु जपानबाहेर तिला खरी कीर्ती मिळाली ती रेल्समुळे. आणि रेल्सला कीर्ती मिळाली ती मुख्यतः एका चित्रफितीमुळे. 2005 साली प्रसृत झालेल्या ह्या चित्रफितीत हॅन्सन पंधरा मिनिटांत अनुदिनीचा चालता अनुप्रयोग तयार करून दाखवितो. टिपणे लिहिता येतात, त्यांवर अभिप्राय देता येतात, सर्व काही साठविले जाते. मधून मधून त्याचा हात चुकतो, तोही ती चूक हसून दुरुस्त करतो, आणि प्रेक्षकाचा विश्वास त्यामुळे वाढतच जातो.

ह्या प्रयोगाची भाषा लक्षपूर्वक ऐकण्याजोगी आहे. तीत विधानांपेक्षा निषेध अधिक प्रभावी ठरतात. मी हे लिहीत नाही, तेही लिहीत नाही, पाहा, किती गोष्टी मी करीतच नाही, असा तिचा आशय आहे. एखाद्या सुताराने खुर्ची दाखविताना तीत न मारलेल्या खिळ्यांची स्तुती करावी, तशातला हा प्रकार. न मारलेले खिळे ही चांगली गोष्ट असू शकते. मात्र सांधे कशाने धरले आहेत, हे विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकास असतो. संशयवाद्यांनी एवढेच विचारले.

त्या प्रयोगात सर्वांत अधिक टाळ्या मिळविणारी एक ओळ होती. 'स्कॅफोल्ड' हा शब्द लिहून पुढे कोष्टकाचे नाव द्यावयाचे, की नोंदी पाहणे, घालणे, बदलणे व पुसणे ह्यांची पाने आपोआप हजर. ह्या शब्दाला आपल्या गवंड्यांच्या बोलीत परांची म्हणतात. परांची बांधावी लागते, तिच्यावर उभे राहून भिंत चढवावी लागते, आणि भिंत झाली की परांची उतरवावी लागते. रेल्सच्या कर्त्यांनी शब्द प्रामाणिकपणे निवडला होता, ही गोष्ट त्यांच्या पदरी टाकली पाहिजे. पण पाहणाऱ्यांनी परांचीलाच इमारत मानले. केवळ एका ओळीने धावताना पाने निर्माण करणारा हा प्रकार 2007 सालच्या रेल्सच्या दुसऱ्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला. प्रत्यक्ष लिखित आज्ञा निर्माण करून देणारी परांची तेवढी राहिली. चित्रफीत मात्र लोकांच्या स्मरणात जशीच्या तशी राहिली.

2005 सालीच कर्ट हिब्स ह्यांच्या एका परिचयलेखात असा दावा आला, की जावा भाषेतील नेहमीच्या चौकटींच्या तुलनेत रेल्समध्ये वेबचा अनुप्रयोग निदान दहा पट वेगाने होतो. दहा पट हा आकडा ज्यांना सहज वाटला नाही त्यांना त्याचे कारण ठाऊक होते. फ्रेडरिक ब्रुक्स ह्यांनी 1986 साली मांडलेल्या 'नो सिल्व्हर बुलेट' ह्या निबंधात म्हटले होते, की पुढील दशकात कोणतीही एक युक्ती स्वतःच्या बळावर उत्पादकतेत दहा पट वाढ घडवील, असे दिसत नाही. त्यांचा युक्तिवाद असा : आज्ञावली लिहिण्यातील काही अडचणी आगंतुक असतात व काही विषयाच्या अंगभूत असतात. साधन सुधारले की आगंतुक अडचणी जातात. काय करावयाचे आहे हे नेमके ठरविण्याची अंगभूत अडचण जागच्या जागी राहते. ह्या कसोटीवर हिब्स ह्यांचा दावा सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही. त्या काळच्या जावा चौकटींत विन्यासाच्या फायलींचे इतके ओझे असे, की आगंतुक भाग खरोखरच अवाढव्य झाला होता. दहा पटींचे पुष्कळसे श्रेय तुलनेस घेतलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या लठ्ठपणास द्यावे लागेल, एवढेच.

अशा प्रतिज्ञांची परंपराही जुनी आहे. फोरट्रानच्या 1954 सालच्या प्राथमिक अहवालातच ह्या भाषेमुळे संकेतलेखन व दोषशोधन जवळजवळ नाहीसे होईल, अशी अपेक्षा नमूद आहे. 1981 साली जेम्स मार्टिन ह्यांनी आज्ञावलीकारांवाचून अनुप्रयोग कसे घडतील ह्यावर ग्रंथ लिहिला. 2014 पासून 'लो-कोड' हे नाव रूढ झाले. प्रत्येक वेळी काही ओझे खरोखर उतरले आणि आज्ञावलीकारांची संख्या वाढली.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. रेल्सचे ब्रीद 'विन्यासापेक्षा संकेत श्रेष्ठ' असे आहे. व्याकरणाच्या परिभाषेत ह्याला अध्याहार म्हणता येईल. 'कोठे निघालात?' ह्या प्रश्नास 'बाजारात' एवढे उत्तर पुरते, कारण कर्ता व क्रियापद ऐकणारा मनात घालून घेतो. रेल्समध्येही तसेच आहे. 'पर्सन' नावाचा वर्ग लिहिला, की त्याच्या नोंदी 'पीपल' नावाच्या कोष्टकात आहेत असे साधन मानून चालते. कोठेही तसे लिहावे लागत नाही. म्हणजे इंग्रजी नामाचे अनेकवचन करण्याचे व्याकरण साधनाच्या पोटात घातलेले आहे! त्यात सामान्य नियम आहेत, 'मॅन', 'चाइल्ड' अशा अनियमित रूपांची यादी आहे, आणि 'राइस', 'शीप', 'इन्फर्मेशन' अशा अविकारी नामांची वेगळी यादी आहे. काही वर्षे त्यात 'काउ' ह्या शब्दाचे अनेकवचन 'काइन' असे दिलेले होते. हे रूप इंग्रजीतून केव्हाच मावळले आहे; कोणा हौशी वैयाकरणाचा हात लागल्याखेरीज ते तेथे आले नसावे.

ह्या व्यवस्थेचा प्रस्तुत लेखकास आलेला अनुभव सांगण्याजोगा आहे. आमच्याकडे बोलींतील शब्दांच्या नोंदी ठेवण्यासाठी दोन विद्यार्थ्यांनी एका उन्हाळ्याच्या सुटीत रेल्सच्या साहाय्याने एक अनुप्रयोग केला. शब्द, लिंग, अनेकवचन, सामान्यरूप, गाव, अशी रचना होती. पहिल्या आठवड्यातच नोंदी घालता येऊ लागल्या आणि आम्ही सर्वजण हर्षभरित झालो. पुढे सामासिक शब्दांसाठी त्यांनी 'समास' नावाचा वर्ग केला, अर्थात रोमन लिपीत. त्याचे कोष्टक साधनाने योग्य शोधले, कारण शेवटी 'एस' असलेल्या नामास ते पुन्हा 'एस' लावीत नाही. मराठीतही एक समास, दोन समास असेच म्हणतात, तेव्हा योगायोगाने व्याकरणही साधले. परंतु 'शब्दाला अनेक समास असतात' हा संबंध लिहिताच साधन उलट दिशेने चालू लागले. अनेकवचनावरून एकवचन काढताना त्याने शेवटचा 'एस' गाळला, आणि 'समा' नावाचा वर्ग सापडत नाही अशी तक्रार केली. तक्रारीत अनेकवचनाचा उल्लेखही नव्हता. विद्यार्थी दोन दिवस आपल्याच लेखनातील चूक शोधीत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांतील एकजण माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, हे इंग्रजी व्याकरण कोणी आणि कोठे लिहून ठेवले आहे?" भाषाशास्त्राच्या वर्गात इतका नेमका प्रश्न मला क्वचितच विचारला गेला आहे.

अपवाद नोंदविण्याची सोय रेल्समध्ये आहे, अनेकवचनाचा संकेत बंदही करता येतो, हे सांगणे न्यायाचे होईल. उपाय एका ओळीचा होता. पण ती ओळ कोणती हे कळण्यासाठी न लिहिलेला नियम आधी माहीत असावा लागतो, आणि न लिहिलेला नियम शिकविण्याचे काम पंधरा मिनिटांच्या चित्रफितीत येत नाही. शिवाय ह्या अनेकवचनाच्या याद्या आता गोठलेल्या आहेत. त्यांतील चुकीच्या रूपांवर जुने अनुप्रयोग विसंबून असतील, म्हणून दुरुस्त्या स्वीकारल्या जाणार नाहीत, असे रेल्सच्या मार्गदर्शिकेतच नमूद आहे. भाषेच्या इतिहासात अपभ्रष्ट रूप रूढ होऊन प्रमाण ठरते, त्याचेच हे यांत्रिक उदाहरण म्हणावे लागेल.

लाघवाला आपल्याकडे कोणी नावे ठेवणार नाही. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे अनुवृत्तीच्या आधाराने उभी आहेत; आधीच्या सूत्रातील पद पुढच्यात मनाने आणल्याखेरीज अर्थच लागत नाही. पण त्या लाघवामागून कात्यायनाची वार्त्तिके आली, पतंजलीचे महाभाष्य आले, आणि परंपरेने ते मुखोद्गत ठेवले. सूत्रांत जे वाचले ते भाष्यात खर्चावे लागले. संशयवादी आज्ञावलीकार ह्याच खर्चाकडे बोट दाखवितो. साधनाची जाहिरात सूत्रांची संख्या सांगते. भाष्य कोण लिहिणार, हे सांगत नाही.

अध्याहार चुकला तर गैरसोय होते, एवढ्यावर प्रकरण थांबत नाही. वेबवरील पानात भरलेल्या रकान्यांची सर्व मूल्ये एकदम नोंदीत उतरविण्याची सोय रेल्समध्ये होती. कोणते रकाने स्वीकारावयाचे हे लिहावे लागत नसे. जे आले ते स्वीकारले, असा अध्याहार होता. पानावर नसलेला रकाना बाहेरच्या माणसाने आपल्या मनाने जोडून पाठविला तर काय होईल, ही शंका पुष्कळांनी काढली होती. 2012 च्या मार्च महिन्यात एका तरुण रशियन आज्ञावलीकाराने ती रेल्सच्या कर्त्यांपुढे ठेवली. ही जबाबदारी अनुप्रयोग लिहिणाऱ्याची आहे, अशा भूमिकेवर चर्चा मिटविण्यात आली. तेव्हा त्याने रेल्सचीच लिखित संहिता जेथे ठेवलेली होती त्या गिटहबवर प्रयोग केला. गिटहब स्वतः रेल्सवर चालत असे. आपली किल्ली नोंदविताना त्याने मालकाचा रकाना जादा पाठविला, ती किल्ली दुसऱ्याच्या खात्यास जोडली गेली, आणि रेल्सच्या संहितेत त्याला लिहिता आले. 2013 सालच्या चौथ्या आवृत्तीपासून स्वीकारार्ह रकान्यांची नावे स्पष्टपणे लिहावी लागतात. वाक्यातून गाळलेले पद पुन्हा वाक्यात आणावे लागले.

ह्याचा अर्थ संशयवाद्यांचे सर्वच आक्षेप सारखे वजनदार होते असा नव्हे. रेल्स मोठ्या वापराला टिकत नाही, हा आक्षेप ट्विटरच्या 2008 च्या सुमाराच्या वारंवार होणाऱ्या खोळंब्यांवर आधारलेला होता, आणि पुढे ट्विटरने महत्त्वाचे भाग स्काला व जावा ह्या भाषांत हलविले हेही खरे. परंतु अनुदिनीच्या साच्यात निरोपांच्या दळणवळणाची व्यवस्था बसवू पाहिल्यावर साचा अपुरा पडला, तर दोष साच्याइतकाच बसविणाऱ्याचाही आहे. गिटहब व शॉपिफाय आजही रेल्सचा वापर करतात. संशयवाद्यांचा 'जादू' हा लाडका शब्दही फसवा आहे. समर्थक तोच शब्द कौतुकाने वापरतात. शंभर टिपणांची यादी लेखकांच्या नावांसह मागितली, आणि साधनाने गुपचूप एकशे एक वेळा साठ्याकडे धाव घेतली, तर त्यात जादू काही नाही. न दिसणारे काम आहे, आणि ते पाहण्याची सोयही साधनात आहे. कित्येक टीकाकारांनी ती कधी उघडून पाहिली नव्हती. कष्टाने मिळविलेली विद्या नवख्याच्या हाती एका ओळीत जाते, ह्याचा विषादही काही टीकेत स्पष्ट दिसतो, आणि तो लपविण्याचा प्रयत्न केल्याने टीका अधिकच कर्कश झाली आहे.

पीटर नाउर ह्या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने 1985 साली मांडलेला विचार ह्या वादात अधिक उपयोगी पडतो. त्याच्या मते आज्ञावली घडविणे म्हणजे मनात एक उपपत्ती घडविणे होय. लिखित संहिता हा तिचा केवळ एक अवशेष. ज्यांच्या मनात ती उपपत्ती होती ती माणसे पांगली, की आज्ञावली चालत असली तरी मृत होते. पंधरा मिनिटांत उभ्या राहिलेल्या अनुप्रयोगाची उपपत्ती कोणाच्या मनात असते? बरीचशी साधनकर्त्यांच्या मनात, थोडी त्या पंधरा मिनिटांत बसलेल्याच्या मनात. फेब्रुवारी 2025 मध्ये आंद्रेई कार्पाथी ह्यांनी 'व्हाइब कोडिंग' हे नाव दिलेल्या रीतीत तर साध्या भाषेत इच्छा सांगावयाची व निर्माण झालेली संहिता न वाचताच स्वीकारावयाची, असे असते. तेथे ह्या प्रश्नाचे उत्तर आणखी अवघड आहे. परांची अध्याहृत, भिंतही अध्याहृत.

आमचे ते दोन विद्यार्थी पदवी घेऊन गेले. अनुप्रयोग पुढे तीन वर्षे चालला, मग रेल्सची आवृत्ती बदलताना बंद पडला. सुमारे चाळीस गावांतील शब्द त्यात होते, आणि काही सांगणारी वृद्ध माणसे तोवर निवर्तली होती. साठा फुटला नव्हता. कोष्टके जागेवर होती. 'समास' ह्या वर्गासाठी घातलेली ती एक ओळ नव्या विद्यार्थिनीने निरुपयोगी समजून पुसली होती, कारण ती कशासाठी आहे हे तीत कोठेच लिहिलेले नव्हते. एका जुन्या पत्रात तिचे स्पष्टीकरण सापडल्यावर ती पुन्हा घातली, इतर काही दुरुस्त्या केल्या, आणि नोंदी परत वाचता येऊ लागल्या. आता त्या ओळीच्या वर मराठीत चार ओळींचे टिपण आहे. ते त्या विद्यार्थिनीने लिहिले आहे, आणि त्यात 'शीप' व 'काइन' ह्यांचाही उल्लेख आहे.