खेळातली खाण आणि डोंगरातली खाण

'माइनक्राफ्ट' हा संगणकावरचा खेळ २०११ साली पूर्ण स्वरूपात आला, आणि आज नवी मुंबईतील शाळांत तो ठाऊक नसलेला विद्यार्थी विरळाच. त्यात 'शांत' अशी एक पातळी आहे. ती निवडली की शत्रू येत नाहीत, उपासमार होत नाही. कुदळ घेऊन जमिनीत उतरावे आणि मिळेल ते खनिज गोळा करावे. मन रमवणारा प्रकार आहे यात शंका नाही. पण या खेळातून मुले भूशास्त्र शिकतात असेही म्हटले जाते, तेव्हा तो त्या कसोटीवर तपासणे आम्हाला आवश्यक वाटते.

जमेची बाजू आधी पाहू. २०२१ पासून या खेळात जमिनीखाली गोलसर पोकळ्या सापडतात. बाहेर बेसॉल्टचे कवच, आत कॅल्साइटचा थर आणि सर्वांत आत जांभळ्या ॲमेथिस्टचे स्फटिक. ही रचना हवेतली नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थिजताना त्यात वायूंच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे खनिजयुक्त पाणी झिरपून त्यांत कॅल्साइट, क्वार्ट्झ, झिओलाइट यांचे स्फटिक वाढले. पारसिकच्या डोंगराचा काळा दगड याच कुळातला. बांधकामाच्या खडीत पांढऱ्या ठिपक्यांचा तुकडा शोधून शिक्षकांनी वर्गात फिरवावा. खेळणारी मुले तो लगेच ओळखतील.

अवजारांचा क्रमही बराच विचारपूर्वक लावलेला आहे. लाकडी कुदळीने लोखंडाचे खनिज मिळत नाही, दगडी कुदळीने मिळते. सोन्याची कुदळ ३२ घावांत संपते, लोखंडाची २५० टिकते. सोने मऊ असल्याने हे योग्यच. मात्र हीच सोन्याची कुदळ सर्वांत झपाट्याने खणते, याला काय आधार आहे ते खेळ करणारेच जाणोत!

खरी गफलत आहे ती मापांत. खेळातला प्रत्येक ठोकळा १ घनमीटरचा. झोळीत ३६ कप्पे, प्रत्येकात ६४ ठोकळे. बेसॉल्टचे घनमीटरला २.९ टन धरले तर भरलेल्या झोळीचे वजन सुमारे ६,७०० टन होते. वीस टनी डंपरच्या ३३५ खेपांचा माल पाठीवर घेऊन खेळाडू उड्या मारत वर येतो. सोन्याचे गणित याहून मजेचे आहे. सोन्याच्या ९ विटांचा एक ठोकळा होतो. एक घनमीटर सोने १९.३ टनांचे, म्हणजे एक वीट २.१ टनांची आणि ती मिळते एकाच ठोकळ्यातून. प्रत्यक्षात टनामागे ५ ग्रॅम सोने असले तरी एवढ्या खडकातून जेमतेम १३-१४ ग्रॅम हाती येते. २००१ साली बंद झालेल्या कोलारच्या खाणीत माणसे ३ किलोमीटरहून खोल उतरत होती ती अशा ग्रॅमांसाठी. खेळातले प्रमाण सुमारे दीड लाख पट सढळ आहे.

चूक केवळ आकड्यांची असती तर आम्ही ती सोडून दिली असती. पण खनिज शुद्ध आणि फुकट मिळाले की खाणीतला सर्वांत मोठा भाग, म्हणजे टाकाऊ दगड, धूळ आणि पाणी, दिसेनासा होतो. तुर्भ्याच्या बाजूने डोंगराकडे पाहिले की कापलेले काळे कडे दिसतात. जुन्या खाणींत पावसाळ्यात तळी साचतात. खेळातला खड्डा पावसाने कधी भरत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे हलवली. खेळात टेकडी संपली की पुढच्या टेकडीकडे चालू लागायचे, कारण तिथली भूमी एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ६ कोटी मीटर आहे आणि 'शांत' पातळीवर आपण खणतो ती टेकडी बहुधा निर्मनुष्य असते.

आठवीच्या वर्गाला झोळीच्या वजनाचे गणित घालावे. घनता, घनफळ आणि एकके तिन्ही त्यात येतात, आणि खेळाची बाजू घेऊन भांडणारा एखादा विद्यार्थी असेल तर तास आणखी रंगेल.