सहलेखनातील पाठभेद

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. वर्गात त्याचा उपयोग करणारे अध्यापक बहुधा विद्यार्थ्यांकडून नोंद लिहून घेतात व सिद्ध नोंदीसच गुण देतात. ही दृष्टी अपुरी होय. नोंदीच्या ‘इतिहास’ या पानावर प्रत्येक फेरफार सदस्यनामासह व वेळेसह टिकून असतो. ज्ञानेश्वरीच्या पाठचिकित्सकास जे पाठभेद हस्तलिखितांतून कष्टाने जुळवावे लागतात, ते येथे क्रमवार हाती येतात. एकाने इंग्रजीच्या छायेतील ‘केले गेले’ लिहिले, दुसऱ्याने ‘केले’ एवढेच ठेवले. असे का, याचा वाद ‘चर्चा’ पानावर व्हावयास हवा. तो क्वचितच होतो. सहाध्यायाचे वाक्य खोडणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते. अध्यापकाने खोडले तर मात्र नव्हे! तेव्हा निम्मे गुण तरी त्या खोडण्याच्या समर्थनास द्यावेत.