विज्ञानपटांतील संगणक आणि वास्तव

मराठी समीक्षा विज्ञानकथेकडे वळली की बहुधा पहिला प्रश्न विचारते : यातले विज्ञान बरोबर आहे काय? जुन्या विज्ञानपटांतील संगणकांना हाच निकष लावला, तर निर्णय उफराटा लागतो.

लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या भिंती आज हास्यास्पद वाटतात, परंतु त्या खोट्या नव्हत्या. अमेरिकेच्या ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेतील मोडीत निघालेल्या संगणकांचे फलक पुढे अनेक चित्रपटांत व दूरचित्रवाणी मालिकांत नेपथ्य म्हणून वापरले गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ हाही खोली व्यापणारा, निर्वात नलिकांचा संगणकच होता. त्या पिढीच्या यंत्रांवरील दिव्यांना अर्थ असे. यंत्राच्या पोटातील अंक त्यांवरून वाचता येत. भिलाईच्या पोलाद कारखान्यात नियंत्रण-कक्षात बसणाऱ्यालाही कोणता दिवा काय सांगतो हे ठाऊक असते. पडद्यावर मात्र दिवे उरले आणि ते वाचणारा माणूस नाहीसा झाला. वस्तू अस्सल, प्रसंग नकली.

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मध्ये (१९६८) नेमके उलट घडते. हॅल म्हणजे एक तांबडा डोळा आणि एक शांत आवाज. त्याचे स्मृतिखंड एकेक करून उपसले जाताना तो हळूहळू बालपणाकडे ओसरत जातो. खरा संगणक बहुधा एकदम बंद पडला असता. (आणि तरीही त्या वेळी तो जे गाणे म्हणतो, ते १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत आयबीएमच्या संगणकाने खरोखरच म्हटले होते!) आर्थर क्लार्क यांच्या कादंबरीत त्याच्या बिघाडाचे कारण स्पष्ट आहे : माहिती अचूक द्यावी आणि मोहिमेचा हेतू लपवावा, अशा परस्परविरोधी आज्ञा माणसांनीच त्याला दिल्या होत्या. संगणकाचे वास्तव त्याच्या सांगाड्यात नाही, माणसाशी असलेल्या त्याच्या व्यवहारात आहे, हे येथे प्रथमच इतके ठळकपणे जाणवते.

‘वॉरगेम्स’मधला (१९८३) युद्धसंगणक अखेरीस आपण होऊन शहाणा होतो, ही पटकथेची सोय झाली. त्याच चित्रपटातील एक किरकोळ प्रसंग मात्र मला अधिक मोलाचा वाटतो. शाळेच्या कार्यालयात कागदावर लिहून ठेवलेला परवलीचा शब्द पाहून मुलगा शाळेच्या संगणकात शिरतो आणि गुण बदलतो. सुपेल्याच्या बाजारात एखाद्या दुकानी, गल्ल्याशेजारच्या संगणकाच्या कडेला तशीच चिठ्ठी चिकटवलेली दिसते, तेव्हा त्या प्रसंगाची आठवण होते.