आधी हजेरी, मग पुढची गोष्ट

गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’ (1932) या मूळ गुजराती पुस्तकाची थोरवी मला त्यातल्या शिक्षकाच्या पहिल्या दिवशीच्या फजितीत दिसते. प्रयोगासाठी चौथीचा वर्ग मागून घेतलेला हा गृहस्थ भरपूर वाचून, टिपणं काढून येतो आणि शांततेचा खेळ सुरू करतो. मुलं प्राण्यांचे आवाज काढतात, पाय आपटतात, टाळ्या पिटतात. खेळाचा पार विचका होतो. तो छडी उगारत नाही. मुलांना सुट्टी देतो आणि आपलं कुठे बिनसलं याचा विचार करत बसतो.

दुसऱ्या दिवशी तो राजाची गोष्ट सांगू लागतो. कालची तीच दंगेखोर मुलं कान टवकारतात. गोष्ट ऐन रंगात आलेली असताना तो थांबतो: आधी हजेरी! सगळ्या पुस्तकातली मला सर्वांत कसबी वाटणारी जागा ही. हजेरीची वेळ म्हणजे एरवी हमखास गलका. इथे ती झटपट उरकते, कारण राजाचं पुढे काय झालं हे प्रत्येकाला ऐकायचंय. गिजुभाई त्यावर भाष्य करत बसत नाहीत. पुढे याच गोष्टींच्या ओढीने मुलं वर्गातल्या पुस्तकांकडे वळतात, वाचू लागतात. व्याकरणही खेळातून येतं. वर्ग शांत झाल्यावर शिकवायचं, हा क्रम त्यांनी उलटा केला.

दुबईतल्या इंटरनॅशनल सिटीत, चीन, रशिया, ग्रीस अशी नावं मिरवणाऱ्या इमारतींत राहणाऱ्या मराठी आईबाबांनी तर हे प्रकरण जरूर वाचावं. ‘जागेवर बसत नाही, सारखा बोलतो’ असा शेरा घरी आला की आपण लेकरालाच फैलावर घेतो. त्या तासाला वर्गात काय चाललं होतं, हे विचारायचं राहूनच जातं.

पुस्तकातला प्रयोग म्हणजे वर्षभराचा एकच वर्ग, तोही कल्पनेतला. म्हणून कुणी हे सोपं म्हणेल. पण भावनगरला गिजुभाईंसोबत काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, शाळेत येत नसत. मुलांच्या नावाने बोटं न मोडता या दोघींनी कुरणशाळा काढली: गुरं चरत असत तिथेच शिकवणं सुरू केलं.